छडी गेली, तिच्या जागी काय?

प्रिय मित्रा,

येत्या शिक्षण परिषदेत शिक्षकांसाठी मुलांच्या वर्तनावरचं सत्र तुझ्याकडे आलंय, हे वाचून आनंद झाला. पीपीटी करायला बसण्याआधी थोडं ऐक. सत्र सुरू होतं न होतं तोच कुणीतरी म्हणेल, "सर, छडी काढून घेतलीत, आता पोरं ऐकत नाहीत." त्यावर चिडू नकोस. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी घातली, २०१० पासून ती लागू आहे आणि ती योग्यच आहे. पण काय करायचं नाही एवढंच कायदा सांगतो. समोर दोन इयत्ता एकत्र बसलेल्या असताना त्याऐवजी काय करायचं, हे शिकवण्याचं काम प्रशिक्षणाचं, आणि ते बऱ्याचदा व्याख्यानावर भागवलं जातं. म्हणून ती तक्रार मला खरी वाटते.

तेव्हा बोलणं कमी ठेव, सराव जास्त घे. एका शिक्षकाला सारखा जागेवरून उठणारा मुलगा होऊ दे, दुसऱ्यानं वर्ग घ्यायचा. बहुतेक जण आधी "ए, बस खाली!" असंच ओरडतील. मग तेच पुन्हा वेगळं करून घे: शिकवणं न थांबवता त्याच्या बाकापाशी जायचं, वहीवर बोट ठेवून हळूच "हे दुसरं गणित सोडव, मी आलोच" म्हणायचं, त्यानं पेन्सिल उचलली की "लगेच सुरुवात केलीस, छान." बस. दोन-चारदा करायला लाव. हसतील, हसू देत. ऐनवेळी वर्गात सवयीचंच तोंडातून निघतं, म्हणून सवय इथंच लागायला हवी.

आणि मॉनिटरनं बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची पद्धत बंद करा, असं स्पष्ट सांग. एकाला चुगलीची गोडी लागते आणि ज्याचं नाव रोज वर असतं तो त्याच नावानं ओळखला जातो.

सगळ्यात जास्त वेळ मात्र एका प्रश्नाला दे: अशा वागण्यातून मुलाला मिळतं काय? समज, चौथीतला मुलगा भाषेच्या तासाला शेजाऱ्याची वही ओढतो. बाई त्याला बाहेर उभं करतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शिक्षकांना तीन रकाने आखायला लाव: आधी काय घडलं, मुलानं काय केलं, नंतर काय झालं. आठवडाभर प्रामाणिकपणे भरले तर कदाचित दिसेल, की प्रकटवाचनाची पाळी जवळ आली की वही ओढली जाते. त्याला वाचता येत नाही. बाहेर उभं राहणं ही त्याची सुटका आहे, आपण तिला शिक्षा म्हणतोय. मग उपाय वाचनाचाच करायचा: दोन ओळी आदल्या दिवशी तयारीला द्यायच्या, जोडीदाराबरोबर वाचू द्यायचं. बीड भागात आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेलेली मुलं हंगाम संपल्यावर वर्गात परततात. त्यांच्या 'मस्ती'मागं बुडलेला अभ्यास किती आहे, हेही या रकान्यांतून तपासायला सांग. पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडला बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी गुरं राखणाऱ्या मुलांना उनाड ठरवलं नाही. त्यांच्यासाठी कुरणशाळा काढली, शाळाच चरायच्या रानात नेली. शिक्षकांना हे जरूर सांग, ही आपल्याच मातीतली गोष्ट आहे.

हजेरीवर सह्या झाल्या, चहा झाला, प्रशिक्षण संपलं, असं होऊ देऊ नकोस. पंधरवड्याच्या आत निदान काही शाळांत जाऊन वर्गात मागं बस. दिसलं तेवढंच लिही. 'नियंत्रण कमी' असं लिहू नकोस, 'सूचना दिल्यावर मागच्या रांगेतल्या चौघांनी वह्या काढल्या नाहीत' असं लिही. नंतर त्या शिक्षकाशी एकट्याशीच बोल, मुख्याध्यापकांसमोर नको. काय जमलं ते आधी नेमकं सांग, मग एकच बदल सुचव. तपासणी वाटली तर पुढच्या वेळी तुला सजवलेला वर्ग दाखवतील. भेटींच्या तारखा सत्रातच सर्वांसमोर ठरवून घे. एकदा परीक्षा आणि सर्वेक्षणाची कामं लागली, की वेळ कुणालाच मिळत नाही.

तुझा,
सर