आरतीला उभी राहा, पण ते फॉरवर्ड नकोत

अगं, तुझा मेसेज वाचला. फिजिक्स घेतल्यापासून घरच्या आरतीला उभं राहिलं की आपण खोटं वागतोय असं वाटतं आणि नाही उभी राहिलीस तर आई दोन-दोन दिवस धड बोलत नाही, हे वाचून मला बरंच वाटलं बघ, कारण दोन्ही गोष्टी मनापासून धरणाऱ्यालाच अशी ओढाताण होते.

आणि आपल्या मुंबईत हे काही नवीन नाहीये. गिरगावातला प्रार्थना समाजचा बसस्टॉप तुला माहितीये ना, तो समाज १८६७ साली सुरू करणारे आत्माराम पांडुरंग पेशाने डॉक्टर होते. मूर्तिपूजा आणि जातपात पटली नाही म्हणून सोडली, प्रार्थना मात्र ठेवली, आणि हेच गृहस्थ १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही निसर्गाचा शास्त्रीय अभ्यास करणारी संस्था काढणाऱ्या आठ जणांतही होते. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटवरून तर तू नेहमी जातेस. प्लेगच्या साथीत शास्त्रज्ञ हाफकिननी जानेवारी १८९७ मध्ये आपण बनवलेली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला तेव्हा जे कैदी तयार झाले त्यांना दिली, बाकीच्यांना नाही, आणि दोन्हीकडे किती आजारी पडले, किती गेले ते मोजलं. पुढे हा माणूस आपला ज्यू धर्म अगदी कडकपणे पाळायचा, त्याच्या बाजूने लिहायचासुद्धा. पण लस चालते का हे त्याने मोजूनच ठरवलं. मला वाटतं सगळी गोम इथेच आहे.

आरतीत तू हात जोडतेस, घरच्यांच्या सुरात सूर मिळवतेस, मनातलं काहीतरी सांगतेस, यात फिजिक्सचा कुठला नियम मोडतो सांग बरं? गडबड होते ती घंटेच्या नादाने जंतू मरतात, तुळस चोवीस तास ऑक्सिजन देते, असले फॉरवर्ड सुरू झाले की. अगं रात्री उजेड नसला की तुळससुद्धा बाकीच्या झाडांसारखा ऑक्सिजन घेतेच. खरं सांगते, मला यात श्रद्धेचाच अपमान वाटतो. तुझी आई तुळशीला पाणी घालते ती काय ऑक्सिजनसाठी? तिची माया पुरेशी आहे की, त्यावर खोट्या शास्त्राचा शिक्का कशाला? तेव्हा ते फॉरवर्ड तू पुढे पाठवू नकोस, कोणी विचारलं तर खरं काय ते शांतपणे सांग. आणि कॉलेजमधले जे येताजाता देव मानणाऱ्यांना मूर्ख म्हणतात त्यांचंही मनावर घेऊ नकोस, टिंगल करायला काहीच तपासावं लागत नाही.

पण काही ठिकाणी गप्प बसायचं नाही हं. २००६ च्या ऑगस्टमध्ये माहीमला समुद्राचं पाणी गोड झालं म्हणून लोक बाटल्या भरून न्यायला लागले, लहान पोरांना पाजायला लागले. पावसाचं आणि मिठी नदीचं पाणी मिसळून खारटपणा कमी झाला होता, आणि मिठीचं पाणी किती घाण असतं ते तुला सांगायला नको. तिथे हात जोडणाऱ्याला माझी काहीच हरकत नाही, पण पोराच्या तोंडाला बाटली लावली की ती काढून घ्यायची, मग कोणी कितीही रागावो.

म्हणूनच तुझ्या मेसेजमधलं आजीचं वाचून मी जास्त घाबरले. शुगरच्या गोळ्या बंद करा आणि नुसता अंगारा घ्या असं सांगणारा जो कोण आहे, त्याला वयाने मोठा म्हणून सूट देऊ नकोस. आजीला अंगारा लावायचाय तर तूच तिच्या कपाळाला लाव, प्रेमाने लाव, पण गोळी तिने तुझ्यासमोर घेतली पाहिजे. गोळी थांबवून काय होतंय ते बघू, असला प्रयोग अजिबात नाही. ग्लुकोमीटर घरात आहेच, रोज सकाळी उपाशीपोटी शुगर बघ, वहीत तारीख घालून लिही आणि ती वही डॉक्टरांना दाखव, आईलाही दाखव. आईशी वाद घालत बसू नकोस, तीपण घाबरलेली आहे गं.

उद्या सकाळचं रीडिंग किती आलं ते मला कळव.