गोष्टीतली मैत्रीण आणि वहीतले शुद्धलेखन

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी तिसरीच्या वर्गाला शिकवते. मैत्रीच्या गोष्टी सांगितल्या की मुले रंगून ऐकतात. गोष्ट संपली की मी त्यातले कठीण शब्द फळ्यावर लिहून त्यांचे अर्थ देते. मुले ते उतरवून घेतात, चाचणीत बरोबर लिहितातही. परंतु बोलण्यात किंवा निबंधात त्यांतला एकही शब्द दिसत नाही. माझे कुठे चुकते?
— एक वर्गशिक्षिका

उत्तर : तुमची गोष्ट आणि तुमचे शब्द यांची वर्गात ताटातूट होते, असे वाटते. शब्द ज्या प्रसंगात गरजेचा होता तो प्रसंग संपल्यावर त्याला फळ्यावर आणले, की मुलाच्या लक्षात राहतो तो अर्थ म्हणून दिलेला सोपा शब्द. ‘ओशाळणे म्हणजे लाज वाटणे’ एवढेच पाठ केलेले मूल पुढेही ‘लाज वाटली’ असेच लिहिणार, कारण जुन्या शब्दाने त्याचे भागते आहे. शब्दार्थांच्या वह्या नीटनेटक्या दिसतात आणि तपासायला सोप्या जातात, म्हणून त्या सुटत नाहीत, हे समजण्यासारखे आहे. पण शब्द मुलाच्या तोंडी बसवण्याचे काम त्या फारसे करत नाहीत.

मैत्रीच्या गोष्टींचा खरा फायदा असा, की त्यांतल्या भावना मुलांनी आधीच अनुभवलेल्या असतात, फक्त त्यांना नाव मिळालेले नसते. कट्टी घेणे, रुसणे, धुसफुसणे, अबोला धरणे आणि मनात अढी ठेवणे या पाचही गोष्टी आठ वर्षांच्या मुलाने पाहिलेल्या असतात. त्यांतले भेद सांगणारे शब्दच त्याच्याजवळ कमी असतात. म्हणून शब्दांची निवड विचारपूर्वक करावी. इझाबेल बेक, मार्गारेट मॅकिऑन आणि लिंडा कुकन या अमेरिकी अभ्यासकांनी शब्दांचे तीन थर मांडले आहेत : रोजच्या बोलण्यात आपोआप येणारे, अनेक विषयांच्या वाचनात वारंवार भेटणारे पण घरगुती बोलण्यात कमी येणारे, आणि एखाद्या शास्त्रापुरते मर्यादित असलेले. शिकवण्याचे कष्ट मधल्या थरावर घ्यावेत, हे त्यांचे म्हणणे मराठीलाही लागू पडते. एका गोष्टीतून असे चार-पाच शब्द पुरेत. पंधरा शब्द निवडले, तर गोष्टीचा धडा होतो आणि मुलांना ते लगेच कळते.

नमुन्यासाठी एक लहानसा उतारा देते :

‘चिमणी ही खारीची जिवलग मैत्रीण होती. एकदा चिमणीने तिला एक गुपित सांगितले. बोलता बोलता खारीच्या तोंडून ते सशापाशी फुटले. चिमणीने मैत्रिणीशी अबोला धरला. खार ओशाळली. आपली चूक तिला कळली होती, पण चुकीची कबुली देण्याची हिंमत होत नव्हती. दुसऱ्या दिवशी ती हिमतीने चिमणीच्या घरट्यापाशी गेली.’

यातले ‘जिवलग’, ‘गुपित’, ‘अबोला’, ‘ओशाळणे’ आणि ‘कबुली’ हे शब्द निवडा. पहिल्यांदा गोष्ट न थांबता सांगावी आणि अडेल तेथे एका वाक्यात अर्थ सांगून पुढे जावे. दुसऱ्या वाचनात त्या शब्दांवर थांबून असे प्रश्न विचारावेत, की ज्यांचे उत्तर शब्दाचा अर्थ कळल्याशिवाय देता येणार नाही. ससा ओशाळला असेल का? (त्याने तर फक्त ऐकले!) चिमणी चिडली असती आणि तिने भांडण केले असते, तर त्याला अबोला म्हणता आले असते का? खारीने काहीच केले नसते आणि तरी माफी मागितली असती, तर ती कबुली ठरली असती का? ‘ओशाळणे’ हा शब्द कोणत्या प्रसंगी चालणार नाही, हे सांगता आले की तो मुलाला कळला असे समजावे. नंतर मुलांनी गोष्ट चिमणीच्या बाजूने तोंडी सांगावी, मग सशाच्या बाजूने. लेखन त्यानंतर. दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि पुढच्या एखाद्या वेगळ्याच गोष्टीत हे शब्द मुद्दाम पुन्हा यायला हवेत. एकदाच भेटलेला शब्द बहुधा विसरला जातो.

प्रश्न : माझा मुलगा चौथीत आहे. गोष्टींची पुस्तके भरपूर वाचतो, शब्दही चांगले वापरतो. शुद्धलेखन मात्र कच्चे. ‘मैत्रिण’ आणि ‘मैत्रीणीला’ अशी नेमकी उलटी रूपे लिहितो. एवढे वाचूनही असे का व्हावे?
— एक पालक

उत्तर : भरभर वाचणारे मूल शब्दाचा साधारण आकार आणि मागचापुढचा संदर्भ यांवरून पुढे सरकते. वेलांटी पहिली की दुसरी, हे न पाहताही गोष्ट कळते. मग ते पाहील कशाला? लिहिताना मात्र प्रत्येक अक्षर स्वतः आठवून काढावे लागते. वाचनाच्या अभ्यासक लिनिया एरी यांनी दाखवले आहे, की शब्दाचा उच्चार, त्याचे लेखन आणि अर्थ एकमेकांशी घट्ट जोडले गेले, म्हणजे तो शब्द स्मरणात पक्का बसतो. तुमच्या मुलाचा अर्थ आणि उच्चार जागेवर आहेत. लेखनाची गाठ तेवढी मारायची राहिली आहे.

चांगली गोष्ट अशी, की मराठीत ही गाठ बऱ्याच ठिकाणी कानाने मारता येते. ‘मैत्रीण’ हा शब्द मोठ्याने म्हणायला सांगा आणि मग ‘मैत्रिणीला’. पहिल्यात ‘त्री’ लांबते, दुसऱ्यात आखडते. नियमही तेच सांगतो : मूळ मराठी अकारान्त (शेवटी ‘अ’ स्वर असलेल्या) शब्दातला शेवटून दुसऱ्या अक्षराचा इकार किंवा उकार दीर्घ असतो आणि प्रत्यय लागून शब्द पुढे वाढला की तो ह्रस्व होतो. वरच्या उताऱ्यात ‘मैत्रीण – मैत्रिणीशी’ आणि ‘चूक – चुकीची’ अशा दोन जोड्या आहेत. मुलाला त्या स्वतः शोधू द्याव्यात आणि मग ‘बहीण – बहिणीला’, ‘समजूत – समजुतीने’, ‘फूल – फुलाला’, ‘जीभ – जिभेला’ यांची भर घालावी. नियम आपण सांगण्याऐवजी चार जोड्यांनंतर त्यालाच विचारावा. त्याने तो कोणत्याही शब्दांत सांगितला तरी चालेल. ‘हिंमत – हिमतीने’ आणि ‘ससा – सशापाशी’ हे वेगळे बदल आहेत. ते त्याच दिवशी यात मिसळू नयेत.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द या नियमात बसत नाहीत. ‘गुण’ आणि ‘सुख’ यांतला उकार आपण बोलताना लांबवतो, तरी लिहिताना तो ह्रस्वच राहतो. उलट ‘शरीर – शरीराला’ यात दीर्घ ईकार बदलत नाही. असे शब्द गोष्टीत येतील तसे डोळ्यांनी ओळखीचे करून द्यावेत. चौथीच्या मुलाला त्यांची व्याख्या ऐकवून काही साधत नाही. ‘मित्र’मध्ये ह्रस्व आणि ‘मैत्रीण’मध्ये दीर्घ का, असेही तो विचारील. एकातली वेलांटी ‘म’ला आहे, दुसऱ्यातली ‘त्र’ला, एवढे दाखवले तरी निम्मा गोंधळ संपतो.

अनुस्वारासाठी तर मैत्रीच्या गोष्टीसारखी जागा नाही. ‘चिमणीने मैत्रिणीशी अबोला धरला’ आणि ‘चिमणीने मैत्रिणींशी अबोला धरला’ ही वाक्ये एकाखाली एक लिहून दाखवावीत. एका टिंबाने चिमणी एकीवर रुसली की सगळ्यांवर, हे ठरते. ‘गुपित मित्राच्या कानावर गेले’ आणि ‘मित्रांच्या कानावर गेले’ यांतही तसेच. अनेकवचनी सामान्यरूपावर (प्रत्यय लागताना होणाऱ्या शब्दाच्या रूपावर) अनुस्वार द्यावा, हा नियम मुलाला पाठ नसला तरी, टिंब गाळले तर गोष्ट बदलते हे कळल्यावर ते जपून दिले जाते.

प्रश्न : मुलांनी स्वतः लिहिलेल्या मैत्रीच्या गोष्टी तपासताना प्रत्येक चूक लाल शाईने दाखवावी का? आणि चुकलेला शब्द दहा वेळा लिहून घ्यावा का?
— एक शिक्षक

उत्तर : दोन्हींना माझे उत्तर नकारार्थी आहे. मूल मैत्रीबद्दल लिहिते तेव्हा पुष्कळदा खरेखुरे भांडणच कागदावर उतरवत असते. त्यावर ‘ह्र. दी.’ (ह्रस्व-दीर्घाची चूक) असे सात शेरे पडले, तर पुढच्या वेळी ते ‘ओशाळली’ लिहिण्याचे धाडस न करता खात्रीचे ‘लाज वाटली’ लिहील. शुद्धलेखन राखण्यासाठी शब्दसंपत्ती गमावण्याचा हा व्यवहार तोट्याचा आहे. पहिल्या वाचनात गोष्टीवर एक वाक्य लिहावे. दुसऱ्या खर्ड्याच्या वेळी एकाच प्रकारची चूक, उदाहरणार्थ फक्त अनुस्वार, मुलाला स्वतः शोधायला सांगावी.

दहा वेळा लिहिण्याचे काय होते, ते मुलाच्या मागे उभे राहून पाहावे. ते आधी ‘मै’ खालीखाली दहा वेळा लिहिते, मग ‘त्री’, मग ‘ण’. सबंध शब्द त्याने एकदाही सलग लिहिलेला नसतो. त्यापेक्षा शब्द पाहणे, झाकणे, आठवून लिहिणे आणि उघडून ताडून पाहणे हे दोनदा केले तरी अधिक उपयोगी पडते. श्रुतलेखन जरूर घ्यावे, पण सुट्या शब्दांचे नको. त्याच गोष्टीतली तीन-चार वाक्ये घ्यावीत, कारण ‘चूक’ आणि ‘चुकीची’ यांची निवड वाक्यातच करावी लागते. तपासणी मुलाने पुस्तक उघडून स्वतः करावी आणि गुण देऊ नयेत.

प्रश्न : आमच्या वर्गातली मुले घरी वेगळी बोली बोलतात. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणतात आणि तसेच लिहितात. हे चूक म्हणून खोडावे का?
— एक शिक्षिका

उत्तर : बोलण्यातले खोडू नये, लेखनात जागा ठरवून द्यावी. गोष्टीतली पात्रे एकमेकांशी बोलतात तेथे घरची बोली खुशाल यावी, निवेदन प्रमाण भाषेत असावे. मराठी लेखनाचे जे नियम १९६२ मध्ये मान्य झाले आणि ज्यांत १९७२ मध्ये आणखी चार नियमांची भर पडून ते अठरा झाले, त्यांतही पात्राच्या तोंडी ‘असं केलं’ यासारख्या रूपांना मुभा आहे. दोन मित्रांचा संवाद बोलीत आणि त्याभोवतीचे वर्णन प्रमाण भाषेत लिहिताना ‘न’ आणि ‘ण’ यांकडे मुलाचे लक्ष आपोआप जाते.

प्रश्न : वर्गात ज्याला कोणी मित्र नाही, अशा मुलाला या गोष्टी ऐकून वाईट वाटत असेल का?
— एक आजी

उत्तर : वाटू शकते, आणि ते बहुधा गोष्टीपेक्षा नंतरच्या प्रश्नाने वाटते. ‘तुझा जिवलग मित्र कोण?’ हे वर्गात विचारू नये आणि त्यावर निबंधही देऊ नये. ‘खारीच्या जागी दुसरे कोणी असते तर त्याने काय केले असते?’ असे विचारले, तर प्रत्येक मुलाला उत्तर देता येते. नव्याने आलेल्या, एकट्या पडलेल्या, कोणाशी बोलावे हे न कळणाऱ्या पात्राच्या गोष्टीही अधूनमधून निवडाव्यात. ‘एकाकी’, ‘परका’, ‘बुजरा’, ‘संकोच’ हे शब्द तेथेच भेटतात, आणि त्या मुलाला त्यांची गरज इतरांहून जास्त असते.