रॉबिन्सन पहिला, पण शेवटचा संघ कोणता?

प्रिय दोस्त,

तुझ्या लेखाचा मसुदा वाचला. १५ एप्रिल १९४७ला जॅकी रॉबिन्सन हा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ब्रुकलिन डॉजर्सकडून उतरला आणि अमेरिकेतल्या प्रमुख बेसबॉल लीगमधला वर्णभेद संपला, असा त्याचा सूर आहे. तो बदल.

आधी ‘पहिला’च्या मागे ‘आधुनिक काळातला’ घाल. मोझेस फ्लीटवुड वॉकर १८८४मध्येच टोलेडो संघाकडून खेळला होता, तोही कृष्णवर्णीयच. पुढे संघमालकांनी लेखी नियम न करता, आपसातल्या समजुतीने दार लावून घेतलं.

मग तेव्हाच्या सोळा संघांचा तक्ता कर: पहिला कृष्णवर्णीय खेळाडू कधी आला, कुठल्या संघातून, किती पैसे मोजून. पैशांचा रकाना सोडू नकोस, खरी गोम तिथेच आहे. रॉबिन्सनसाठी डॉजर्सच्या ब्रँच रिकीने कॅन्सस सिटी मोनार्क्सला, म्हणजे नीग्रो लीगमधल्या (कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीगमधल्या) त्याच्या आधीच्या संघाला, छदामही दिला नाही. त्याच वर्षी क्लीव्हलँड संघाच्या बिल वेकने लॅरी डोबी या खेळाडूसाठी एफा मॅन्लींच्या न्यूअर्क ईगल्स या नीग्रो लीगमधल्या संघाला १५ हजार डॉलर दिले. शेवटची ओळ बोस्टन रेड सॉक्सची, जुलै १९५९. याच संघाने एप्रिल १९४५मध्ये रॉबिन्सनची चाचणी घेऊन पुढे काहीच केलं नव्हतं!

रिकीला एकट्याला श्रेय देऊ नकोस. ज्यांच्या काळात दार बंदच राहिलं ते बेसबॉलचे आयुक्त लँडिस १९४४मध्ये वारले, १९४५मध्ये न्यूयॉर्क राज्याने नोकरीतल्या भेदभावाविरुद्ध कायदा केला, आणि वेंडेल स्मिथसारखे कृष्णवर्णीय पत्रकार कित्येक वर्षं हा प्रश्न लावून धरत होते.

परिणामांत सगळ्यात जास्त घसरायला होतं. राष्ट्राध्यक्ष ट्रूमननी जुलै १९४८मध्ये सैन्यातला भेदभाव संपवण्याचा आदेश काढला. तो नंतरचा आहे, म्हणून बेसबॉलमुळे निघाला असं ठरत नाही. त्यामागे कृष्णवर्णीय कामगार नेते रँडॉल्फ यांचं आंदोलन होतं, निवडणूकही होती. जे दाखवता येतं तेवढंच लिही. प्रेक्षक रॉबिन्सनमागे गेले, आणि नीग्रो लीगपैकी एक, नीग्रो नॅशनल लीग, १९४८च्या हंगामानंतर बंद पडली. खेळाडूंना नवी दारं उघडली, पण मालक, व्यवस्थापक, पंच बाहेरच राहिले. प्रमुख लीगमध्ये पहिला कृष्णवर्णीय व्यवस्थापक, फ्रँक रॉबिन्सन, १९७५मध्ये आला. फ्लोरिडातल्या सराव शिबिरांत तर १९६१मध्येही कृष्णवर्णीय खेळाडूंची राहण्याची सोय वेगळी होती. स्मिथना त्यावर पुन्हा मोहीम चालवावी लागली.

आकडे घेताना पुस्तकाचं साल बघ. २०२४मध्ये नीग्रो लीगची आकडेवारी अधिकृत नोंदीत मिसळली, आणि कारकिर्दीतल्या फलंदाजीच्या सरासरीत नीग्रो लीगचा जॉश गिब्सन (.३७२) प्रमुख लीगच्या टाय कॉबच्या (.३६७) वर गेला. जुन्या पुस्तकांत कॉबच पहिला सापडेल.