आधी नाव उतरव

प्रिय पोरी,

रविवारी तू गेलीस तेव्हा तुझा चहा साय धरून तसाच राहिला होता. मेलबर्नला जाताना गाड्याही न्यायच्या म्हणून दोन तास आपण जहाजाच्या भाड्यावर बोललो आणि ज्यावर बोलायला हवं होतं ते राहूनच गेलं. म्हणून लिहिते आहे.

वॅगनआरचं आधी उरकते, कारण तिच्यात फार विचार करण्यासारखं काही नाही. वीक. मेलबर्नला स्टिअरिंग उजवीकडे आणि गाड्या डावीकडून, म्हणून तुला न्यावीशी वाटली. अमेरिकेला निघाली असतीस तर हा प्रश्न पडलाच नसता. पण ऑस्ट्रेलियात गाडी जहाजावर चढायच्या आधी तिथल्या सरकारची आयात-मंजुरी हातात लागते. स्वतःची वापरातली गाडी म्हणून न्यायची तर ती किमान बारा महिने तुझ्या मालकीची हवी. ती आहे, मान्य. पुढे न्हावा शेवा बंदरापर्यंतचा खर्च, जहाजाचं भाडं, विमा, आणि हे भाडं नि विमा गाडीच्या किमतीत मिळवून त्या बेरजेवर दहा टक्के जीएसटी. मडगार्डच्या आत आपल्याकडची माती किंवा गवताचं बी चिकटलेलं सापडलं तर धुलाई तुझ्याच पैशाने. मग तिथल्या नियमांत बसवणं, नोंदणी. एवढं करून उभी कोणती गाडी राहणार? जिचं हे मॉडेल तिथे विकलंच जात नाही ती. एक आरसा फुटला तर कुठे शोधत फिरशील? पहिल्या पगाराची गाडी आहे हे मला ठाऊक आहे. तरी वीक.

मात्र विकणं म्हणजे पैसे घेऊन चावी देणं नव्हे. आरसी बुकावरून तुझं नाव उतरलं की गाडी विकली गेली. तोवर ती तुझीच. मालकी बदलायचे फॉर्म २९ आणि फॉर्म ३०, कर्ज फिटलं असेल तर बँकेचा दाखला आणि कर्जाची नोंद उतरवायचा फॉर्म ३५. परिवहनच्या साइटवर नवं नाव दिसेपर्यंत विमानात बसायचं नाही. तिकीट पुढे ढकलावं लागलं तर ढकल. फास्टॅग बंद कर. विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं, म्हणजे दावा न केल्याबद्दलच्या सवलतीचं, पत्र घेऊन ठेव, तीन वर्षांत परतलीस तर नव्या गाडीला चालतं. पण हे सगळं मागाहून. आधी नाव.

तू म्हणालीस, "मावशी, घेणारा ओळखीचाच आहे, तो नंतर करून घेईल." हे वाक्य ऐकलं आणि माझ्या पोटात गोळा आला. कारण नेमकं हेच वाक्य मी १९९६ साली माझ्या वडिलांना, आप्पांना म्हणाले होते.

मिरजेत नर्स होते, मस्कतची नोकरी लागली. माझी कायनेटिक होंडा वॉर्डातल्या मैत्रिणीच्या भावाला दिली. फॉर्मवर सह्या केल्या, त्याच्या हातात ठेवल्या आणि गेले. त्याने ते फॉर्म कपाटात टाकले. विमाही भरला नाही. दोन वर्षांनी सांगली रस्त्यावर त्याने एका म्हाताऱ्या गृहस्थांना उडवलं. त्यांचा पाय कायमचा गेला. नुकसानभरपाईच्या दाव्याची नोटीस आली ती आमच्या घरी, कारण गाडी माझ्या नावावर होती. आप्पा प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, जन्मात कोर्टाची पायरी चढलेले नव्हते. कापडी पिशवीत कागद घेऊन ते तीन वर्षं एसटीने सांगलीला जात राहिले. शेवटी पैसे भरले ते त्यांच्या ठेवी मोडून. मला एका पत्रातसुद्धा कळवलं नाही. मला कळलं ते आप्पा गेल्यावर, त्यांच्या पेटीत पावत्या सापडल्या तेव्हा.

माझी बहीण अजून म्हणते, तू निष्काळजी होतीस. मी निष्काळजी नव्हते. अकरा दिवस हातात होते. त्यात पासपोर्ट, मेडिकल, व्हिसासाठी मुंबईच्या दोन फेऱ्या. मैत्रिणीच्या भावावर विश्वास ठेवायचा नाही, तर कुणावर ठेवायचा? आणि आरटीओत माझ्याबरोबर यायला घरातलं कोण मोकळं होतं? हे मी तिला कितीदा सांगितलं आहे. तुलाही सांगते, कारण तुझ्याकडे अकरा नाही, सत्तर दिवस आहेत.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देऊ नकोस. २०१८ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. गाडी विकलेली, पुढे आणखी दोघा-तिघांच्या हातून गेलेली, आणि तरी भरपाईची जबाबदारी आली ती ज्याचं नाव नोंदणीत होतं त्याच्यावर. मोटार वाहन कायद्यात मालक म्हणजे ज्याच्या नावावर नोंदणी तो. कोणाच्या अंगणात उभी आहे, चावी कोणाकडे आहे, हे कायदा विचारत नाही.

आता येझदी, तुझ्या बाबांची मोटारसायकल.

रविवारी तू तिचा विषय तीनदा काढलास आणि तिन्ही वेळा कंटेनरच्या मापावर घसरलीस. पोरी, कंटेनरची अडचण नाहीये. ती गाडी अजून तुझ्या बाबांच्या नावावर आहे. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. वारसाने मालकी बदलून घ्यायला तीन महिन्यांत अर्ज करायचा असतो, फॉर्म ३१ वर. तू केला नाहीस. मी विचारलं तर खिडकीबाहेर बघायला लागलीस. तेव्हा मला कळलं.

त्या कागदावरून त्यांचं नाव पुसायला तुझा हात होत नाही. मला समजतं. मस्कतहून आल्यावर आमच्या घरच्या दारावरची आप्पांची पाटी मी सात वर्षं काढली नाही. पण पाटीमुळे कुणी कोर्टात जात नाही. गाडी बाबांच्या नावावर ठेवून तू गेलीस, उद्या कुणी तुझ्या चुलतभावाकडून "एक चक्कर मारतो" म्हणून नेली, तर नोटीस घेऊन दारात उभी कोण राहील? तुझी आई.

न्यायचीच म्हणत असशील तर तेही ऐक. बारा महिन्यांची मालकी तुझी हवी, आणि आज ती तुझी नाहीच. शिवाय ऑस्ट्रेलियात २००३ च्या शेवटापासून ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी आहे. इतक्या जुन्या मोटारसायकलच्या ब्रेक-लायनिंगमध्ये, क्लचप्लेटमध्ये, गॅस्केटमध्ये तो असू शकतो. नाही, हे तुला सिद्ध करावं लागेल. आणि घरात झाकून ठेवायची म्हणशील तर टाकी गंजेल, टायर बसतील, उंदीर वायरी खातील. तुझ्या बाबांना ती शनिवारी पुसलेली आणि रविवारी पन्हाळा चढताना आवडायची. मी त्यांना पाहिलंय.

तुमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने दोनदा विचारलं, असं तूच सांगितलंस. त्याला त्या इंजिनाचा आवाज कळतो. त्याला दे, पैसे घेऊन किंवा न घेता, ते तू ठरव. पण आधी तुझ्या नावावर, मग त्याच्या नावावर. मधला टप्पा गाळायचा नाही.

शुक्रवारी सकाळी साडेनऊला मी आरटीओच्या दारात उभी असेन. बाबांचा मृत्यू दाखला, मूळ आरसी बुक, आईची संमती, तुमच्या दोघींची आधार कार्डं आण. नोंदणीची मुदत संपली आहे का, ते आज रात्रीच बघ. एचएसआरपी, म्हणजे ती नवी सुरक्षित नंबरपाटी, बसवली नसेल तर आजच बुकिंग कर, त्यावाचून काम अडतं. जुन्या आरसी बुकाच्या पहिल्या पानाचा फोटो काढून ठेव, बाबांची सही दिसेल असा. आणि आईला घेऊन ये. तिला घरी ठेवू नकोस.

तुझी,
मावशी