हिवाळी ट्रेकची सॅक: वजन नेमकं कुठून काढायचं?

दिवाळी संपली की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा नूर बदलतो, पावसाळी बूट आणि जळवा मागे पडतात आणि सगळे थंडी, टेंट, स्लीपिंग बॅग यावर येतात. यावेळी बहुतेकांचा प्रश्न वजनाचाच आहे, म्हणून त्यातले चार निवडून जरा सविस्तर लिहितोय.

प्रश्न : नमस्कार दादा, मी कोथरूडला राहतो, वय ३४. डिसेंबरात मी आणि एक मित्र राजगड ते तोरणा करणार आहोत, एक रात्र मुक्काम. मागच्या वर्षी असाच एक ट्रेक केला तेव्हा उतरताना गुडघ्यांची पार वाट लागली, म्हणून यावेळी सगळं सामान काट्यावर टाकलं. सॅक ७० लीटरची, २.३ किलो. टेंट ३.१ (दोघांना एकच, पण मित्राची सॅक लहान म्हणून मीच घेतो), स्लीपिंग बॅग १.७, कॅरीमॅट ०.४, जादाची जीन्स ०.७, बाकी कपडे १.६, स्टोव्ह आणि भांडी १.४, स्टीलच्या दोन बाटल्या ०.८, पॉवरबँक ०.५, टॉयलेट किट आणि औषधं ०.६. एकूण १३.१ किलो, खाणं-पाणी वेगळं. अल्ट्रालाइट टेंट बघितले पण किंमत बघून गप्प बसलो. सुरुवात कशाने करू, काय विकत घेऊ?

उत्तर : सगळ्यात आधी, तुम्ही सामान काट्यावर टाकलंत यातच अर्धं काम झालंय, खरंच. लोक दुकानात जाऊन महागाची सॅक घेतात आणि त्यात तेच तेरा किलो भरतात. तुम्ही सध्या काहीच विकत घेऊ नका.

खाणं, पाणी आणि गॅस सोडून जे वजन उरतं त्याला बेसवेट म्हणतात आणि ते साधारण साडेचार किलोच्या आत आलं की त्याला अल्ट्रालाइट म्हणायची पद्धत आहे. तो आकडा तुम्ही आत्ता डोक्यातून काढून टाका, थंडीत पहिल्याच वेळी तिथे पोचायची घाई करायची नसते. तुमच्या यादीत टेंट एकट्याच्या पाठीवर आहे, तो वाटून घ्या, कापड एकाकडे, पोल आणि खुंट्या दुसऱ्याकडे, मित्राच्या सॅकमध्ये मावत नसेल तर पोल बाहेरून बांधा. दीड किलो गेलं. जीन्स घरी, ०.७ गेलं, आणि ती नुसती जड नाही, दवाने ओली झाली की दिवसभर वाळत नाही. कपड्यांत चालायचा एक जोड आणि झोपायचा एक कोरडा जोड, वर फ्लीस, विंडचीटर, कानटोपी, बस्स, यात अजून ०.७ निघतं. दोन माणसांना एक पातेलं, एक छोटा स्टोव्ह आणि दोन चमचे पुरतात, तेही दोघांत वाटा म्हणजे तुमच्याकडे अर्धा किलो राहील, म्हणजे ०.९ गेलं. स्टीलच्या बाटल्यांच्या जागी पाण्याच्या साध्या प्लास्टिकच्या बाटल्या, ०.७. पॉवरबँक एका रात्रीसाठी निम्म्या वजनाची चालते, फोन फ्लाइट मोडवर टाका. आणि टॉयलेट किटमधला अख्खा शाम्पू, अख्खी पेस्ट, अख्खं सनस्क्रीन काढून औषधाच्या रिकाम्या डब्यांत थोडंथोडं भरा, औषधं मात्र कमी करू नका. हे सगळं मांडून बघा, १३.१ वरून साधारण ८ वर येतं, एक रुपया खर्च न करता.

आता सामान कमी झाल्यावर ७० लीटरची सॅक अर्धी रिकामी राहील आणि तेव्हाच, त्याच्या आधी नाही, ४५-५० लीटरची साधारण किलोभर वजनाची सॅक बघा. आधी सॅक घेतली तर ती सामानाच्या मापाची होत नाही, सामान सॅकच्या मापाचं होतं.

ह्या मार्गाला हलकं जायचं खरं कारण पाणी आहे. राजगडावर टाक्यांतून पाणी भरून घेतलं की संजीवनी माचीवरून उतरून तोरण्याच्या बुधला माचीपर्यंत जी लांबलचक धार आहे तिथे मध्ये भरवशाचं पाणी धरू नका, म्हणजे माणशी किमान तीन लीटर, तीन किलो. तुमचं जुनं वजन अधिक पाणी अधिक खाणं म्हणजे १७-१८ किलो घेऊन तुम्ही बुधल्याखालच्या त्या निसरड्या टप्प्यावर जाणार होता. गुडघे बोलणारच ना.

पण एक गोष्ट हात जोडून सांगतो, स्लीपिंग बॅग आणि कॅरीमॅटला हात लावू नका. ते तुमच्या रात्रीचं सामान आहे. मुळात पाठ हलकी करायची ती झोप शाबूत ठेवून. अमेरिकेत एमा गेटवूड नावाच्या बाई १९५५ साली, वयाच्या ६७व्या वर्षी, एकट्या अ‍ॅपलाचियन ट्रेल चालल्या, तीन हजारांहून जास्त किलोमीटर, खांद्यावर घरी शिवलेली पिशवी, टेंट नाही, पावसाला आंघोळीच्या पडद्याचं प्लास्टिक. मला त्या बाईंबद्दल अतोनात आदर आहे. पण त्या मे ते सप्टेंबर चालल्या, म्हणजे त्यांचं उदाहरण घेऊन डिसेंबरात बॅग घरी ठेवायची नाही.

थंडीचा हिशोब पण समजून घ्या. पुणे ५६० मीटरवर, तोरणा १४०३ वर, त्यामुळे गडावर जास्त थंडी असं आपण धरतो, आणि वारा असेल तर लागतेच. पण वारा पडलेल्या निरभ्र रात्री थंड हवा जड म्हणून खाली दरीत, खोलगट मैदानात, पाण्याच्या कडेला साचते आणि दव पण तिथेच जास्त पडतं. जागा निवडताना तळ्याच्या काठावरची सपाट हिरवळ सोडून जरा उंचवट्यावर, झाडाच्या आडोशाला टेंट लावा, दोन-तीन अंशांचा फरक फुकट मिळतो. मुक्कामाची परवानगी सध्या आहे का ते निघायच्या आधी राजगडाच्या पायथ्याला गुंजवण्यात विचारून घ्या.

आणि शेकोटी आहेच की, असं म्हणून गरम कपडे कमी करणारे लोक मला दरवर्षी भेटतात. करू नका असं. डिसेंबरात गवत पूर्ण वाळलेलं असतं, एक ठिणगी उडाली तर अख्खा डोंगर काळा होतो, मी जळलेल्या उतारांवरून चाललोय आणि ते बघून पोटात तुटतं.

प्रश्न : दादा, मी सहकारनगरची, वय ५२. जानेवारीत मैत्रिणींबरोबर उत्तराखंडात केदारकंठाला जातेय. टेंट आणि बॅग आयोजक देणार आहेत पण मला थंडी फार वाजते म्हणून मी स्वतःची स्लीपिंग बॅग घ्यायचं ठरवलं. एकीवर उणे १० लिहिलंय आणि ती ९०० ग्रॅमचीच आहे, दुसरीवर उणे ५ आणि ती दीड किलोची. हलकी घेऊ ना? आणि डाऊन की साधी?

उत्तर : ताई, थांबा, घेऊ नका अजून. तो उणे १० कसला आहे ते आधी वाचा. नीट तपासलेल्या बॅगवर तीन आकडे असतात, कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम. कम्फर्ट हा साधारण बाईच्या शरीराला सैल, निवांत झोप लागेल असा आकडा. लिमिट म्हणजे पुरुष अंग मुडपून कशीबशी रात्र काढेल तो. आणि एक्स्ट्रीम म्हणजे फक्त जीव वाचण्याचा, तोही काही तासांपुरता, त्यात झोपेचा काही संबंध नाही. बऱ्याच स्वस्त बॅगांवर मोठ्या अक्षरात हा शेवटचाच आकडा छापलेला असतो. मी पूर्वी एका दुकानातून अशीच उणे १० वाली घेतली आणि हरिश्चंद्रगडावर, जिथे पाणी पण गोठलं नव्हतं, तिथे कोकणकड्याजवळ रात्रभर दात वाजवत बसलो, सकाळी उजेडात लेबल नीट वाचलं तेव्हा कळलं. तुम्ही फक्त कम्फर्ट बघा. केदारकंठा साधारण ३८०० मीटर आहे, जानेवारीत सगळे कॅम्प बर्फात असतात आणि रात्री तापमान शून्याच्या बरंच खाली जातं, त्यामुळे आयोजकांना दोन प्रश्न विचारा, तुमच्या बॅगचा कम्फर्ट किती आणि मॅट कसली देता. उत्तर नीट आलं तर त्यांचीच बॅग वापरा आणि आत घालायला फ्लीसचं लायनर तेवढं स्वतःचं न्या.

मॅटचं मुद्दाम म्हटलं कारण बॅगचा जो भाग तुमच्या पाठीखाली दबतो त्यातली हवा निघून जाते, तो ऊब देतच नाही, तिथे फक्त मॅट काम करते. मॅटवर आर-व्हॅल्यू, म्हणजे ती खालची थंडी किती अडवते त्याचा आकडा, लिहिलेली असते, साध्या फोमच्या मॅटची साधारण दोनच्या आसपास, आणि एकावर एक मॅट टाकली की आकड्यांची सरळ बेरीज होते. बर्फावर चार-पाच तरी हवीच. म्हणून ताई, बॅगवर हजारो रुपये घालण्याआधी एक फोमची मॅट स्वतःची घ्या, चारशे ग्रॅमच्या आत येते, त्यांच्या मॅटवर टाका.

डाऊन म्हणजे बदकाच्या किंवा हंसाच्या पोटाखालची मऊ पिसं, वजनाच्या मानाने याच्याइतकी ऊब दुसरं काही देत नाही, पण ओली झाली की गोळा होतात आणि ऊब गेली. सिंथेटिक, म्हणजे तुम्ही म्हणता ती साधी, जड, पण दमट झाली तरी बरीच ऊब धरून ठेवते. केदारकंठ्याची थंडी कोरडी, तिथे डाऊन छान. आपल्या सह्याद्रीतल्या दवात सिंथेटिक बरी. दोन्हीकडे जाणार असाल आणि एकच घ्यायची असेल तर मी सिंथेटिकच म्हणेन, अर्धा किलो जास्त गेलं तरी चालेल.

अजून एक, वर मी स्टीलची बाटली काढायला सांगितली ती सह्याद्रीपुरती. बर्फात एक साधी, थर्मास नसलेली स्टीलची बाटली जवळ ठेवा, झोपताना गरम पाणी भरून मोज्यात घालून बॅगमध्ये पायाशी घ्या, झाकण दोनदा तपासा. प्लास्टिकची बाटली उकळतं पाणी घातलं की वाकडी होते. हे तीनशे ग्रॅम वजन मी आनंदाने वाहतो.

प्रश्न : दादा, मी कर्वेनगरला हॉस्टेलवर असतो. मित्रांनी लांबट डब्यातला स्वस्त गॅस आणि त्याचा स्टोव्ह घेतलाय. आम्ही पाच जण फेब्रुवारीत उत्तराखंडला जाणार, गाईड घेतोय पण स्वयंपाक आमचा. चालेल का तो गॅस? विमानाने नेता येईल का?

उत्तर : मित्रा, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, नाही. गॅसचा डबा विमानात केबिनमध्येही नाही आणि चेक-इनमध्येही नाही, आणि ट्रेनमध्येही ज्वालाग्राही वस्तू न्यायला बंदी आहे. रिकामा स्टोव्ह ने आणि गॅस देहरादूनला घे, जायच्या आधी तिथल्या ट्रेकिंगच्या दुकानात फोन करून डबा तुझ्या स्टोव्हला बसतो ना ते विचार.

आता चालेल का. त्या लांबट स्वस्त डब्यात बहुतेक वेळा नुसतं ब्युटेन असतं आणि ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतं, म्हणजे त्याखाली ते डब्यात द्रवच राहणार, वाफ होणार नाही, ज्योत मरणार. आयसोब्युटेन उणे १२ च्या आसपास आणि प्रोपेन उणे ४२ ला, म्हणून थंडीच्या डब्यांत या दोघांचं मिश्रण असतं, घेताना लेबलवर ते बघ. शिवाय गॅस वापरताना डबा स्वतःच अजून थंड होत जातो, म्हणून पेटवायच्या आधी अर्धा तास जॅकेटच्या आत धरायचा. बर्फ वितळवून पाणी करणार असाल तर गॅस जास्त घ्या, कारण किलोभर बर्फ नुसतं वितळायला जेवढी उष्णता लागते तेवढ्यात तेवढंच पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापतं. इथे वजन वाचवायचं नाही. आणि कितीही थंडी असली तरी बंद टेंटमध्ये स्टोव्ह पेटवायचा नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेत जातो. हे पाचही जणांना वाचून दाखव.

वजन वाचवायचं तर ते खाण्यात वाचव. शिजवलेलं अन्न, भाकऱ्या, फळं म्हणजे बरंचसं पाणीच वाहणं. भाजलेले शेंगदाणे १०० ग्रॅमला साधारण ५६० कॅलरी देतात, तिळाचे लाडू, चिक्की, सुकं खोबरं याच जातीचे. मेतकूट, तांदळाची कणी आणि तुपाची छोटी डबी असली की रात्रीचं गरम जेवण दहा मिनिटांत होतं. आईला सांगून शेंगदाण्याची चटणी भरून घे, थंडीत ती बिघडत नाही.

प्रश्न : पायात काय? जड लेदरचे बूट घ्यावे का? – एक वाचक, पिंपरी

उत्तर : सह्याद्रीत नको, पकड चांगली असलेले हलके बूट पुरतात. बर्फात घोट्यापर्यंत येणारे वॉटरप्रूफ घ्या, पण एक नंबर मोठे, कारण आत जाड लोकरी मोजा घातल्यावर बोटं हलायला जागा हवी, बूट घट्ट झाला की रक्त फिरत नाही आणि मग मोजे कितीही घाला पाय गारच. ट्रेकच्या आधी निदान तीन रविवार तेच बूट आणि तेच मोजे घालून, भरलेली सॅक पाठीवर घेऊन आतकरवाडीकडून सिंहगड चढा-उतरा, काही टोचत असेल तर ते बूट बदलून घ्या. झोपायचे मोजे वेगळे ठेवा आणि ते दिवसा अजिबात घालू नका.