‘सामान लावून घ्या’ हा मेसेज डिलीट करू नका

प्रश्न : घरातलं लाकडी फ्लोअरिंग घासून त्यावर ऑइल बेस्ड पीयूचे (पॉलियुरेथेन, म्हणजे लाकडावर मारायचं संरक्षक पॉलिश) नवे कोट मारून घेतले. शेवटच्या कोटनंतर दुसऱ्याच दिवशी कंत्राटदाराचा मेसेज आला, ‘काम पूर्ण, सामान लावून घ्या.’ आम्ही सोफा, कपाट लावलं, गालिचाही अंथरला. काही आठवड्यांनी गालिचा उचलला तर खालचा थर चिकट आणि ढगाळ, सोफ्याच्या पायांखाली खळगे. कंत्राटदार बिलामागची अट दाखवतो : ‘निर्मात्याच्या सूचनांविरुद्ध वापर केल्यास हमी नाही.’ सूचनांच्या पत्रकाचा फोटो त्याने कधीतरी पाठवला होता, आम्ही उघडला नाही. आता दुसऱ्याकडून पुन्हा घासून घेतोय. खर्च वसूल होईल का?

उत्तर : आधी ते घासकाम थांबवा. तुमचा सगळ्यात मोठा पुरावा तो चिकट थर आहे आणि मशीन फिरलं की तो भुश्याच्या पिशवीत जाईल. अशा तक्रारी घेऊन येणारे बहुतेक जण सगळं चकचकीत करून झाल्यावरच वकिलाकडे येतात. मग हातात उरतात दोन अंधुक फोटो.

पत्रक ‘कधीतरी’ आलं म्हणता. कधी? तुमचं प्रकरण या एका तारखेवर उभं आहे आणि नेमकी तीच तुम्ही मला कळवलेली नाही.

अट बोट दाखवते निर्मात्याच्या सूचनांकडे. त्या बिलावर छापलेल्या नाहीत. ऑइल बेस्ड पीयू साधारण एका दिवसात पायाला कोरडा लागतो, पण तो पक्का झालेला नसतो. द्रावक उडून गेल्यावरही थर हवेतला ऑक्सिजन घेत हळूहळू कडक होत राहतो. म्हणून सामानासाठी चार दिवस ते आठवडा आणि गालिच्यासाठी जवळपास महिना थांबा, असं निर्माते सहसा सांगतात. हवा दमट किंवा थंड असेल तर आणखी उशीर. हे ठाऊक असणं कंत्राटदाराचं काम होतं. पत्रक मेसेजनंतर आलं असेल, तर जी सूचना तुमच्यापर्यंत पोचलीच नव्हती ती मोडल्याचा ठपका तुमच्यावर टिकणं कठीण आहे.

पत्रक आधी आलं असेल, तर गुंता आहे. सामानापुरतं तुम्ही म्हणू शकता की नंतर त्यानेच लेखी परवानगी दिली. गालिच्याचं मात्र तसं नाही. मेसेजमध्ये गालिच्याचा उल्लेख नाही आणि ‘सामान’ या शब्दात तो बसतो का, यावर दोन्ही बाजू भांडू शकतात. न उघडलेला फोटो म्हणजे न मिळालेला फोटो, हा युक्तिवाद मी तरी करणार नाही. खळगे थरात आहेत की लाकडातच, हे पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. कपाट ओढताना ओरखडे पडले असतील, तर ते विसरा.

मेसेज मूळ फोनमध्येच राहू द्या. स्क्रीनशॉट दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र जोडावं लागू शकतं, त्यामुळे फोन बदलायची घाई नको. कंत्राटदाराला लेखी नोटीस देऊन पाहणीला बोलवा. तो आला नाही, तर त्रयस्थ जाणकाराकडून अहवाल घ्या. डब्यावरचं नाव आणि बॅच नंबर दिसेल असे फोटो काढा. रिकामा डबा अजून माळ्यावर असेल तर तोही जपा.

ग्राहक आयोगात जायला ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ प्रमाणे दोन वर्षांची मुदत आहे. ती काम संपल्याच्या दिवसापासून मोजा, म्हणजे वादच नको. तक्रार तीन महिन्यांत, चाचणी लागली तर पाच महिन्यांत निकाली काढावी, असं हाच कायदा म्हणतो. त्या भरवशावर राहू नका, तारखा पडतच राहतात आणि तोवर तुम्हाला त्याच चिकट थरावर वावरायचं आहे.

म्हणून कंत्राटदार स्वखर्चाने पुन्हा घासून कोट मारायला तयार झाला, तर मी तडजोडीकडे झुकेन. पण या वेळी शेवटच्या कोटपासून सामानाला किती दिवस आणि गालिच्याला किती, हे आकड्यांत लिहून घ्या, आणि तेवढे दिवस सामान बाहेर ठेवायचा खर्च कुणाचा, हेही.