सुटी लेन्स वापरात नसताना कशी ठेवावी?

कॅमेऱ्यावरून काढून ठेवलेल्या लेन्सला धुळीपेक्षा दमट हवेचा धोका अधिक असतो, कारण सापेक्ष आर्द्रता बराच काळ ६० टक्क्यांच्या वर राहिली की काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक तंतूंची बुरशी धरू शकते आणि ती काढल्यावरही तिचे व्रण काचेवरील लेपावर राहू शकतात. म्हणून पुढचे आणि मागचे अशी दोन्ही झाकणे लावून लेन्स हवाबंद डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलसह ठेवावी आणि आतील आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान आहे ना, हे छोट्या आर्द्रतामापकावर अधूनमधून पाहावे. चामडी पिशवीत लेन्स महिनोन्महिने ठेवणे मी तरी कटाक्षाने टाळतो, कारण चामडे ओलावा धरून ठेवते. काच पुसण्याआधी मात्र ब्लोअरने (हाताने दाबून हवा सोडणाऱ्या रबरी फुग्याने) धूळ उडवावी. कापडाखाली सापडलेला एखादा कणही ओरखडा पाडतो.